जेसनभाऊ

नागपूरच्या इतवारीत स्वतःचं एकही दुकान नसताना दहा दुकानांत हक्काची खुर्ची असलेला माणूस म्हणजे पूर्वी मुनीमजी. १ जुलै २०१७ला जीएसटी लागला, लाल कापडातली वही माळ्यावर गेली आणि त्या खुर्चीवर जेसनभाऊ येऊन बसला. वय पंचविशीच्या पुढेमागे, पाठीवर लॅपटॉप, खिशात पेनड्राइव्ह, बीकॉम झालेलं आणि सीए होता होता राहिलेलं. बारशाचं नाव काही का असेना, पोर्टलवरून उतरणाऱ्या जेसॉन फाइलला इतवारीनं पहिल्याच दिवशी जेसन केलं आणि ती उघडणाऱ्याला जेसनभाऊ. किराणा ओळीत एक आहे, लोहा ओळीत एक आहे. भांडे ओळीत दोन आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही.

महिन्याची १४ तारीख हा त्याचा सण. त्या दिवशी टू-बी उतरते, म्हणजे कोणत्या पार्टीनं आपल्या नावावर कोणती बिलं चढवली त्याचा उतारा. २० तारखेच्या आत रिटर्न भरायचं असतं, त्यामुळे मधले सहा दिवस शेठ लोक जावयाला विचारत नाहीत इतकं याला विचारतात. फाइल उघडली की महिरपी कंसाच्या पोटात चौकोनी कंस, त्याच्या पोटात पुन्हा महिरपी. मुनीमजी वही वाचत असत. जेसनभाऊ फाइल वाचत नाही, तिला पत्ता सांगतो. "डॉलर डॉट डेटा डॉट डॉकडेटा डॉट बीटूबी, चौकोनी कंसात तारा, डॉट इन्व्ह, परत तारा, डॉट आयनम," असं एका दमात म्हणून एंटर मारतो आणि बिल नंबरांची लांबलचक यादी खाली उतरते.

"हे काय म्हणून रायला तू?" शेठ विचारतात.

"शेठ, डॉलर म्हंजे शहीद चौक समजा. सारं तेथूनच सुरू होते. डॉट आला का गल्लीत वळाचं. अन् तारा दिसला का ओळीतलं एकबी दुकान सोडाचं नाही."

हे समजावणं उत्तमच, पण पुढे त्याला सवय लागली. भांडे ओळीत पितळी घंगाळ घ्यायला निघालेल्या मावशींना त्यानं फोनवर दुकान नंबर दोन सांगितलं. त्या स्टीलच्या डब्यांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या, कारण हा शून्यापासून मोजतो. शेवटचं दुकान तो 'उणे एक' म्हणून सांगतो. तिथे तर कुणी पोचतच नाही. लग्नासाठी स्थळ आलं तेव्हा आत्यानं विचारलं, मुलीचं मामाकूळ कुठलं? यानं बायोडाटा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "आत्या, तो रकाना रिकामा आला." स्थळ गेलं.

ही पत्त्याची भाषा स्टेफान गेसनर नावाच्या जर्मन प्राध्यापकानं २००७मध्ये मांडली. तिचं अधिकृत प्रमाण, आरएफसी ९५३५, निघायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. तोवर ज्यानं त्यानं आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये आपापला अर्थ लावला. जेसनभाऊला हे सांगितलं तर तो म्हणतो, "तेवढ्यात तं नागपुरात मेट्रो झाली न भाऊ."

त्याच्या हाताखालची पोरं मात्र आळशी. त्यांना दोन डॉटचा शोध लागलेला असतो. दोन डॉट दिले की सगळे मजले धुंडाळून त्या नावाचं जे जे सापडेल ते येतं. एकानं असं करून करपात्र रकमेची बेरीज मारली आणि आकडा खरेदीच्या दुपटीवर गेला. शेठ खूश! भानगड अशी, की त्या फाइलीत वर पार्टीवार गोषवारा असतो आणि खाली बिलवार तपशील, आणि रकमेच्या रकान्याचं नाव दोन्हीकडे तेच. पोरानं दोन्ही जोडले. जेसनभाऊनं त्याला नुसतं "काऊन बे?" एवढंच विचारलं.

पण त्याचं खरं कसब यादी आल्यानंतर दिसतं. यादीत बिल नंबर १०१ दोनदा आलेला असतो. एक नागपूरच्या तेलवाल्याचा, एक अकोल्याच्या डाळवाल्याचा. बिल नंबर ज्याच्या त्याच्या दुकानापुरता, वर्षात पुन्हा येऊ नये एवढंच बंधन. आता कुठला १०१ कुणाचा? पार्टीचं नाव वरच्या मजल्यावर, बिल खालच्या, आणि या पत्त्याच्या भाषेत खाली जायला जिना आहे, वर यायला नाही. नवखा इथे रडकुंडीला येतो. जेसनभाऊ एकदम आत शिरतच नाही. तो आधी पार्टीच्या दारात उभा राहतो, तिचं नाव नि जीएसटी नंबर बाजूला लिहून घेतो, मग त्या पार्टीची बिलं एकेक करून काढतो आणि प्रत्येकासमोर ते नाव टाकतो. एक पार्टी संपली की दुसरी. फेरीच्या पोटात फेरी. मुनीमजीही हेच करत, खातं उघडून त्याखाली नोंदी. फक्त ते याला लूप म्हणत नसत आणि त्याचे वेगळे पैसेही घेत नसत.

त्याची एकच गोष्ट शेठांना खपत नाही. पत्ता बरोबर असूनही कधी कधी रिकामी यादी येते. ना चूक दाखवते, ना काही. शेठ आवाज चढवतात, परत टाक, दुसरा पत्ता टाक. हा शांतपणे चहाचा घोट घेतो. "माल असन तं दिसन न शेठ! पार्टीनं बिलच नाही चढवलं."

आणि तो खरं बोलतो. १ जानेवारी २०२२पासून कायदाच असा आहे, की समोरच्यानं बिल चढवलं नाही तर त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला नाही. पत्ता कितीही बदला, नसलेलं बिल उतरत नाही. तेव्हा व्यापारी वाचकांना विनंती एवढीच, की दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या पार्टीला ११ तारखेच्या आत स्वतः फोन करून बिल चढवलं का ते विचारा, आणि १४ तारखेला जेसनभाऊवर ओरडू नका.