टीटीतली ट्राम

भाची पुण्याहून बसने येत होती. चेंबूर सोडल्यावर तिचा फोन आला, "मामा, कंडक्टर म्हणतायत टीटीला उतरा. टीटी म्हणजे काय? टेबल टेनिस?"

"ट्राम टर्मिनस."

"म्हणजे तिथून मला ट्राम मिळेल?"

"मिळाली असती. तू साठेक वर्षं उशिरा निघालीस."

दादरच्या या चौकाच्या पाटीवर खोदादाद सर्कल लिहिलेलं असलं तरी मुंबईकराच्या तोंडी टीटीच. मुंबईच्या बस चालवणाऱ्या 'बेस्ट'मधला टी तर याहून मुरलेला. १९०५ साली कंपनी निघाली तेव्हा तो ट्रामवेजचा होता. १९४७ साली कारभार पालिकेकडे आला आणि तोच टी ट्रान्सपोर्टचा झाला. पाटी तीच, भाडेकरू बदलला. ट्रामने तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

मुंबईची पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून पायधुणीला गेली, ती घोडे जुंपून. भाडं तीन आणे. तेव्हाच्या ट्राम कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते म्हणे, आणि उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर टोप्या असत. मे महिन्यात भर दुपारी बसस्टॉपवर उभा राहिलो की मला या घोड्यांचा हेवा वाटतो. १९०७ साली विजेची ट्राम आली आणि घोडे सुटले. १९२० साली डबलडेकर आली.

आमचे आजोबा अर्धं आयुष्य ट्रामने नोकरीला गेले. ड्रायव्हर उभ्याने गाडी हाकायचा आणि पायाने घंटा वाजवायचा, ठण् ठण् ठण्. टर्मिनस आलं की तो हँडल काढून हातात घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाला नेऊन बसवायचा. कंडक्टर दोरी ओढत तारेवरचा दांडा फिरवायचा. झालं, मागचं ते पुढचं! "ट्रामला तोंड वळवावं लागत नसे," आजोबा म्हणायचे, "माणसंच वळत." ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली. आजोबा मुद्दाम गेले, पण गर्दीत आत शिरता आलं नाही. शेवटपर्यंत हळहळ कसली, तर ट्राम गेली याची नाही, जागा मिळाली नाही याची.

ट्रामवर आरोप दोन, ती हळू चालते आणि वाट अडवते. यातला पहिला आरोप संध्याकाळी सहाच्या सुमारास लालबागला बसमध्ये उभं राहून कुणी करून दाखवावा. दुसऱ्याचा निकाल मला कोलकात्यात लागला.

तिथे १८७३ साली सुरू झालेली ट्राम अजून थोडीफार धावत होती, तेव्हाची गोष्ट. गरियाहाटला बसलो. जरा पुढे गेलो तर रुळांवर एक मोटार उभी, मालक कुठेतरी खरेदीत. घंटा झाली, पुन्हा झाली. कंडक्टर खाली उतरला. समोरचे गृहस्थ झालमुडीचा ठोंगा शेवटच्या दाण्यापर्यंत संपवून, तो झटकून, नीट घडी करून खिशात ठेवेपर्यंत आम्ही जागचे हललो नव्हतो. रिक्षा डावीकडून गेल्या, स्कूटर उजवीकडून. शेवटी मालक आला आणि ट्रामकडेच रागाने बघून मोटार घेऊन गेला.

तेव्हा लक्षात आलं, ट्रामला कट मारता येत नाही. रस्त्यावर बाकी सगळ्यांना येतो. ही बिचारी सरळमार्गी, शब्दशः. कुणीतरी बाजूला होईल या विश्वासावर चालणारं एवढं एकच वाहन. आणि वाट अडवल्याचा आळही तिच्यावरच! २०२४ साली कोलकात्यातही ठरलं, मैदान ते एस्प्लनेड एवढा वारसा म्हणून तुकडा ठेवायचा, बाकी बंद.

ट्राम परत आणा, असं अधूनमधून कुणी म्हणतं. अशक्य काही नाही. पॅरिसने ती १९३० च्या दशकात घालवली आणि १९९२ साली पुन्हा आणली. आपल्याकडे तर काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना जुने रूळ सापडले, डांबराखाली जसेच्या तसे. लोक वाकून वाकून फोटो काढत होते. वीज आहे, डबेही मिळतील. आणायचं आहे ते बाजूला होणं. ते कुठल्या निविदेत घालायचं?

भाचीचा पुन्हा फोन आला. "मामा, अर्धा तास झाला, टीटीलाच आहे."

"का गं? टॅक्सी मिळत नाही?"

"टॅक्सी समोर उभी आहे हो! पण रस्ता ओलांडायला कुणी थांबतच नाहीये."

म्हटलं, थांब, आलोच. ट्रामला अजून वेळ आहे.