गव्हावर गहू, रीलवर रील

२०२०च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचे भाग्य उजळले.

पूर्वी तिथे नुसते पीठ पडे. आता ते स्लो मोशनमध्ये पडते. गिरणीवाले काका भुवयांवरचे पीठ झटकत नाहीत; ते म्हणे ब्रँडिंग आहे. ‘गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी’ ही पाटी उतरवून तिथे क्यूआर कोड लावलाय. (पैशांचा नव्हे, तो वेगळा. हा फॉलो करण्याचा.) या दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. इतकी वर्षे आपण अडाण्यासारखे पीठ घरी नेत होतो आणि दगडांना टाकी कधी लावली, असले क्षुल्लक प्रश्न विचारत होतो. आता दळणाचा दर किलोऐवजी लाइकवर ठरावा, आणि जाडे की बारीक हे न विचारता व्हिडिओ उभा की आडवा, एवढेच विचारावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

परवा सकाळी ठेवलेला ज्वारीचा डबा आणायला संध्याकाळी गेलो. डबा जागच्या जागी, झाकणावर माझ्या नावाची चिठ्ठी.

“काका, दळण?”

“लाइट नव्हती हो.”

डोक्यावर पंखा गरगरत होता.

“ती नव्हे, उन्हाची. शूटिंगला लागते ना! पण काळजी नको, तुमच्या ज्वारीला सकाळपासून नऊशे व्ह्यूज आलेत.”

रात्री जेवायला बसल्यावर आम्ही तेच पाहिले.