मोकळे हात

अर्धशिशीचा थाट सरंजामी असतो. आधी डोळ्यांपुढे नागमोडी दिव्यांची आरास, मग ओढलेले पडदे, घरभर दबकी पावलं, कुकरच्या शिट्टीलासुद्धा बंदी. तणावाची डोकेदुखी त्यामानाने अगदीच कारकून. ती दुपारी चारच्या सुमारास, चहाच्या जरा आधी येते, कपाळाभोवती एक न दिसणारी पट्टी आवळते आणि खाली मान घालून संध्याकाळपर्यंत काम करत राहते. तिच्यासाठी कुणी खिडकी लावत नाही. ‘डोकं जरा जड झालंय’ म्हणावं, तर समोरचा ‘माझंही’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. गंमत अशी की खुद्द मेंदूला दुखतच नाही. वेदना जाणणारे मज्जातंतू त्याच्या अंगी नाहीत. म्हणून तर रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत मेंदूची शस्त्रक्रिया करता येते. आखडतात, हळवे होतात ते कपाळाचे, कानशिलांचे आणि मानेचे स्नायू. म्हणजे सगळ्या चिंता करणारा साहेब आतल्या दालनात निवांत, आणि पाठीत पोक काढून उभे ते दारावरचे पहारेकरी.

या पहारेकऱ्यांच्या सेवेसाठी माझ्या लेकीनं बंगळूरहून एक यंत्र पाठवलं. डोक्यावर घालायचं, हात न लावता चालणारं. बाहेरून काळं हेल्मेट, आतून राखाडी रबराची बोंडं आणि हवेच्या पिशव्या. मागे एक चकती असते. ती किट् किट् करत फिरवली की हेल्मेट डोक्याच्या मापाचं होतं. बटण दाबलं की आधी गुणगुण सुरू होते, मग पिशव्या सुस्कारा टाकत फुगतात, कानशिलं हलकेच धरतात, जरा थांबतात, जणू काही सांगणार आहेत, आणि न सांगताच सोडून देतात. पंधरा मिनिटांनी यंत्र आपणहून बंद होतं. ते घालून मी आरशात पाहिलं, तेव्हा चांद्रमोहिमेवर निघालेला, पण ‘घरचा गॅस बंद केला का’ हे आठवत ऐन उड्डाणाच्या वेळी थबकलेला एक गृहस्थ तिथे दिसला.

यंत्राची सगळी मातब्बरी हात मोकळे राहण्यात आहे. पण मोकळ्या हातांचं करायचं काय, याविषयी सोबतच्या पुस्तिकेत चकार शब्द नाही. पहिलं मिनिटभर ते मांडीवर शहाण्यासारखे बसतात. मग एक जण खुर्चीचा हात चाचपतो. दुसरा मोबाइलकडे सरकतो. आणि पाहता पाहता मी ऑफिसच्या त्या पत्राला उत्तर लिहीत असतो, ज्याच्यापायी डोकं चढलेलं असतं. मान आपली पुन्हा झुकलेली. माणसाचं डोकं सुमारे पाच किलो भरतं, त्यात आता हेल्मेटची भर. वर यंत्र इमानेइतबारे गाठी सोडवतंय आणि खाली मी तितक्याच निष्ठेनं नव्या बांधतोय, असा आमचा सहकार सुरू होतो.

आपलं डोकं आपणच चेपावं, तर त्यात राम नसतो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्यातलाच हा प्रकार असावा. लंडनमधल्या सेरा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या गुदगुल्यांचा छडा लावला: आपला हात कुठे जाणार हे लहान मेंदूला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे स्पर्श पोहोचण्याआधीच शिळा होतो. स्पर्शाला थोडं परकेपण लागतं. शिवाय स्वीडनमधल्या संशोधकांना माणसाच्या त्वचेत असे काही मज्जातंतू सापडले आहेत, की ज्यांना घाई खपत नाही. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर, एवढ्याच संथपणे, आणि अंगाच्या उबेनं कुणी हात फिरवला, तर ते सुखावतात. यंत्र करणाऱ्यांनी हे वाचलं असावं. त्यांनी आत ऊब भरली आहे, वेगही धिमा ठेवला आहे. परकेपण तर आयतंच आहे. तरी चार फेऱ्यांत लहान मेंदूला यंत्राचा पाढा पाठ होतो: आधी कानशिलं, मग टाळू, मग मान. पुढचं सगळं नुसती उजळणी.

हात न लावता डोकं निववायची कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. गावोगावच्या महादेवाच्या पिंडीवर टांगलेली तांब्याची गळती आठवा. तळाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी. गुरव घरी जेवायला गेला तरी अभिषेक चालूच. वीज लागत नाही आणि पंधरा मिनिटांनी बंदही पडत नाही. महादेवाला त्याची गरजही दांडगी. हलाहलाचा दाह एक वेळ सोडून देऊ, पण नुसतं घर पाहा. गळ्यातल्या सापाची नजर गणपतीच्या उंदरावर, मोराची सापावर, सिंहाची नंदीवर, आणि पार्वतीची जटेतल्या गंगेवर. एवढी बिऱ्हाडं एका छपराखाली नांदवणाऱ्याचं डोकं तापणार नाही तर काय? त्याच जातीचं भांडं आयुर्वेदानं शिरोधारेसाठी माणसाच्या कपाळावर आणलं, पाण्याच्या जागी तेल घातलं, आणि भक्ताला घटकाभर पिंडीचा मान मिळाला.

डोकेदुखीशी आपलं नातं एरवीही घरोब्याचं. मुंबईत १८९३ साली निघालेल्या अमृतांजनाची जाहिरात खंडाळ्याच्या घाटात एका इंग्रजकालीन दगडी पुलावर लागली, तेव्हा त्या पुलाचं नावच अमृतांजन पूल पडलं. १८३० साली बांधलेला तो पूल पुढे वाहतुकीच्याच डोक्याला ताप झाला. खांबांपाशी गाड्या तुंबू लागल्या, आणि शेवटी २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून पाडला. मलमाचं नाव धारण करून डोकेदुखी झालेली दुसरी वास्तू माझ्या पाहण्यात नाही.

मलमानं भागलं नाही, तर हात होतेच. चौपाटीवरचे मालिशवाले तेलाच्या बाटल्या किणकिणवत फिरायचे, त्यांच्याकडे तेलाइतकीच गप्पांची विक्री असे. ‘प्यासा’मध्ये (१९५७) चंपीवाला झालेला जॉनी वॉकर मुळात मुंबईच्या बेस्टचा कंडक्टर होता, हे मला फार योग्य वाटतं. तापलेली डोकी त्यानं रोज घाऊक भावात पाहिलेली. पण बोलता बोलता डोकं मोकळं करण्यात माझ्या आईचा हात कुणी धरला नसता. जन्मल्यावर तिनं माझी टाळू भरली. मुलांची टाळू दीड-दोन वर्षांत भरून येते, पण माझ्या हातून काही वेंधळेपणा झाला, की ‘तुझी अजून भरली नाही’ हे ती आजही म्हणते. पुढे दर रविवारी मी खाली पाटावर, ती मागे खाटेवर, बाजूला माक्याच्या कोमट तेलाची वाटी. पहिल्या चार बोटांत केसांची निंदा, ‘झाडूच झालाय नुसता’, मग शाळा, मग मार्क, मग डबा कुणाला दिलास. कानामागे अंगठा फिरला, की मी शिंप्याच्या मुलाशी झालेल्या मारामारीसकट सगळं ओकायचो. पोलिसांनाही साधणार नाही अशी ती चौकशी होती. यंत्र काहीच विचारत नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याचं सुख काही थोडं नसतं. फक्त पंधरा मिनिटांनी हेल्मेट काढलं, की जे सांगायचं असतं ते जागच्या जागी असतं.

आईच्या बोटांचे सांधे आता सुजलेले असतात. डब्याचं झाकण उघडायला ती मला हाक मारते. हेल्मेटकडे पाहून तिनं सुरुवातीला ‘आमचं हातानं होत होतं की’ एवढ्यावरच भागवलं. मग एका दुपारी म्हणाली, “दे बघू जरा तुझं ते शिरस्त्राण.” मी चकती आवळत गेलो. किट् किट् करत ती शेवटच्या खाचेपर्यंत गेली, तरी हेल्मेट सैलच. आईचं डोकं एवढंसं कधी झालं, कळलं नाही. आत रुमालाची घडी घालावी लागली. हात लावला तर केस तेलानं चिप्प.

“अगं, तेल लावायचं नसतं. पुस्तिकेत लिहिलंय, कोरड्या केसांवरच वापरा.”

“कोरड्या डोक्याला कसली आलीय मालिश? लिहिणाऱ्याला विचार एकदा.”

यंत्र गुणगुणू लागलं. त्या आवाजावर मात करायला ती मोठ्यानं बोलत होती. “ह्याला म्हणावं, जरा डावीकडे.” नेमकी त्याच वेळी उजवीकडची पिशवी सैल होऊन डावीकडची फुगली. “बघ. तुला चारदा सांगावं लागायचं.” हा आधी ठरवून दिलेला क्रम असतो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं डोळे मिटून घेतले, बोटं मांडीवर उघडली, मिटली.

“माझे हात रिकामेच आहेत,” ती म्हणाली. “ती वाटी घे आणि बस इथे खाली. ऑफिसात काय चाललंय तुझं?”

बसलो. तिचं बोट पूर्वीसारखं चालत नव्हतं, मधेच अडत होतं, पण नव्या साहेबापर्यंत ते पोहोचलंच. माझी हकिगत ऐन रंगात आली असताना वर यंत्र बंद पडलं.

“थांबलं का हे? चालू कर परत,” आई म्हणाली. “तुझं अजून व्हायचंय.”