थेंबाचा हिशेब

सकाळी सहाच्या सुमाराला कलकत्त्यातल्या बहूबाजारच्या एखाद्या गल्लीत, पांढऱ्या अँबॅसिडरपुढे कुणी गृहस्थ उकिडवा बसून जमिनीवर पसरलेलं वर्तमानपत्र निरखत असेल, तर तो बातम्या वाचत नसतो, एवढं ध्यानात घ्यावं. तो पेपर त्याने आदल्या रात्री गाडीखाली सरकवलेला असतो, आणि आता तो त्यावरचे तेलाचे थेंब मोजत असतो. काल सात होते. आज पाच आहेत. पण पाचातले दोन मोठे आहेत, म्हणजे हिशेबाने सातच. 'आनंदबाजार पत्रिका' 1922 सालापासून बंगालची सेवा करते आहे. या सेवेची कल्पना मात्र संस्थापकांना असण्याचा संभव नाही.

या गृहस्थाला आपण तात्या म्हणू. तात्या एक नाहीत, पुष्कळ आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. दुष्काळी भागातली पोरं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात भट्टीपुढे बसायला निघाली आणि कुणी कोचीनला, कुणी अमृतसरला, कुणी कलकत्त्याला चिकटली ती चिकटलीच. ही माणसं सोनाराच्या पेढीवरची झाडलोटही विकत घेतात. ती जाळून, धुऊन, आटवून त्या मातीतून सोन्याचा कण बाहेर काढतात. घट हा शब्द तात्यांच्या घरात हलक्या आवाजात उच्चारला जातो. अशा माणसाच्या गाडीतून रोज रात्री तेल ठिबकावं, हा नुसता बिघाड राहत नाही. ती घराण्याची नामुष्की होते.

गाडी अँबॅसिडर का, हा प्रश्न तात्यांना विचारू नये. दुपार जाते. तरी थोडक्यात सांगायचं तर, ही गाडी इथली, गंगेच्या पलीकडची. उत्तरपाड्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ती बनू लागली आणि मे 2014 मध्ये काम थांबेपर्यंत बनत राहिली. कारखान्याशेजारच्या रेल्वे स्टेशनचं नावच हिंद मोटर. दुसऱ्याच्या गाडीत बसून हावड्याहून त्या बाजूला गेले की तात्या स्टेशनकडे बघून हात जोडतात. इंजिन 1489 सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. याच घराण्याचं, याच 1489 सीसीचं इंजिन 1955 साली निघालेल्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होतं. हे ज्या दिवशी तात्यांना कळलं, त्या दिवसापासून ते गाडी जरा जोरात वळवतात.

आणि या एमजीच्या नादातूनच एक कव्हर घरात आलं.

इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, त्याला पुस्तकात व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात. गॅरेजात टॅपेट कव्हर. आत रॉकर खालीवर नाचत असतात, त्यांच्यावर सतत तेल पडत असतं, ते तेल बाहेर उडू नये एवढंच या झाकणाचं काम. मूळ कव्हर पत्र्याचं, दाबून आकार दिलेलं, वरून दोन नटांनी बसवलेलं. खाली बुचाच्या लाकडाचं पॅकिंग. रूपाने म्हणाल तर भाकरीच्या टोपल्यावरचं झाकण बरं. तात्यांचा भाचा कॉव्हेंट्रीला असतो. एमजीएनंतर आलेल्या एमजीबी गाडीसाठी तिकडे बाजारात मिळणारं, कंपनीचं नव्हे तर बाहेरच्या कुणी ओतलेलं, चकचकीत ॲल्युमिनियमचं, पाठीवर पट्ट्या असलेलं कव्हर त्याने बॅगेतून आणलं. एकाच घराण्याची इंजिनं, त्यामुळे ते बसतं. "मामा, आता एक थेंब पडायचा नाही," असं भाचा बोलून गेला. भाचे दोन आठवड्यांनी परत जातात.

पहिल्या खेपेला तात्यांनी ते स्वतः बसवलं. जुनं पॅकिंग नखाने खरवडलं, जे निघालं नाही ते "नव्याखाली दबेल" म्हणून ठेवलं. नव्या बुचाच्या दोन्ही अंगांना सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळली. मग नट आवळले. तात्यांची आवळण्याची रीत घरात प्रसिद्ध आहे. त्यांनी लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण पुढे चमच्याच्या मागच्या टोकाने उचकटावं लागतं. पान्याचं एक फिरकं झालं, दुसरं झालं, आणि "असू दे" म्हणून तिसरं. दुसऱ्या दिवशी पेपरवर अकरा थेंब.

"आवं, जुनं झाकण होतं तवा सातच पडत होते," एवढंच काकू म्हणाल्या. त्या हिशेबात तात्यांच्याही पुढे आहेत.

झालं काय होतं, ते मल्लिकबाजारच्या मिस्त्रीने बोनेट उघडल्याबरोबर सांगितलं. पार्क स्ट्रीट जिथे सर्क्युलर रोडला मिळतो तिथे हा मल्लिकबाजार. जुन्या गाड्यांचे भाग, इंजिनं, दारं, आरसे यांचा कलकत्त्यातला सर्वांत नामांकित बाजार. इथे एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या तेव्हा घाबरून कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरला सात मैलांचा, खणून झाला तीनेक मैल, आणि मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत. पुढे 1799 साली तो बुजवून सर्क्युलर रोड काढला. मराठा डिच हे नाव मात्र उरलं. आज त्याच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला एक मराठा माणूस हातात ॲल्युमिनियमचं झाकण घेऊन उभा असतो आणि बंगाली दुकानदार त्याला बुचाच्या पॅकिंगचा भाव सांगून परतवून लावतो. खंदक उगाच खणला म्हणायचा.

मिस्त्रीचं निदान असं. बुचाचं पॅकिंग म्हणजे झाडाची साल. पोर्तुगालच्या ओक झाडाची. तिच्यात बारीक हवेचे कप्पे असतात, म्हणून ती दबते आणि दबून जागा भरते. पण दाबण्यालाही मर्यादा आहे. हा नट आवळायचा तो 4 फूट-पौंडांनी. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला दोन किलोसुद्धा पुरतं वजन टांगायचं नाही. हेडचे नट याच्या दहापटीने आवळतात, आणि तात्यांनी त्याच मनगटाने हा आवळला. नटाखाली बुच चिरडलं, कडेने बाहेर आलं, आणि दोन्ही टोकांना कव्हर केसभर उचललं गेलं. त्यात दोन्ही बाजूंना सिलिकॉन, म्हणजे साबण लावलेल्या पाटावर बसल्यासारखं. आवळताना पॅकिंग घसरणारच. आत लोंबणारे सिलिकॉनचे धागे तुटून तेलात गेले तर तेलाच्या वाटा बुजतील, ते वेगळंच. नटाखालचे रबरी बुश तर जुनेच, दगडासारखे कडक झालेले.

"आर दादा," मिस्त्री शेवटी म्हणाला, "एकटू-आधटू तेल तो पोडबेई." थोडंफार तेल तर पडणारच.

हे वाक्य तात्यांच्या जिव्हारी लागलं. दोन संस्कृतींमधला खरा खंदक हाच. पिवळी टॅक्सी हाकण्यात उमर गेलेला माणूस डिपस्टिक पुसून तेलाची पातळी बघतो, कमी असेल तर ओततो आणि चहा प्यायला जातो. तात्यांना ओतायचं नसतं. त्यांना घट थांबवायची असते.

दुसरी खेप ठरली ती नेमकी 17 सप्टेंबरला. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा. कलकत्त्याची तमाम गॅरेजं हत्यारांना फुलं वाहून बसतात आणि पोरं गच्चीवर पतंग उडवतात. पान्याला हात लावणार कोण? तात्यांनी तो दिवस सोडला, पुढे खंडेनवमी आली, तिथे त्यांनी स्वतःच पाने पाटावर मांडून पुजले. बंगाल्यांत राहून मराठी उरलेल्या माणसाच्या हत्यारांना वर्षातून दोन रजा मिळतात.

अखेर काम झालं, आणि ते बघण्यासारखं झालं. मिस्त्रीने एका जुन्या कॅलेंडरच्या फ्रेमची काच मागितली. तिच्यावर पॉलिश पेपर ठेवून कव्हरची कडा आठाच्या आकड्यासारखी फिरवून घासली. चमकलेल्या कडेत मधे दोन ठिकाणी काळपट डाग राहिले; म्हणजे ओतीव कडा तिथे खोलगट होती. विलायती माल म्हणून तात्यांनी हे मानायला वेळ घेतला. डाग जाईपर्यंत घासणं झालं. मग हेडची कडा चिंधीने आणि थिनरने पुसून कोरडी. पॅकिंग फक्त कव्हरला चिकटवलं, आणि काकूंच्या वरवंट्याखाली रात्रभर दाबून ठेवलं. (वरवंटा परत मिळवायला काकूंना तीन दिवस लागले.) खालच्या अंगाला ग्रीसचा पुसट हात, की पुढच्या वेळी सालीसकट न फाटता सुटावं.

कव्हर उघडंच आहे तर टॅपेट तपासून घ्या, असं मिस्त्री म्हणाला आणि तात्या प्रथमच हरखले. कारण या चार सिलिंडरच्या इंजिनात नऊची बेरीज चालते. आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला की एक नंबरचा तपासायचा, सहा उघडा तर तीन, चार उघडा तर पाच. बेरीज नऊ आलीच पाहिजे. फट 0.015 इंच, फीलर गेजचं पान जरा ओढ देत सरकेल इतकी. ज्या माणसाची हयात रती-गुंजांत गेली, त्याला एवढा सोन्यासारखा हिशेब लोखंडात सापडला. त्यांनी आठही व्हॉल्व्ह दोनदा तपासले.

ॲल्युमिनियमचं कव्हर पत्र्याहून जाड, म्हणून स्टडवर नटाला आटे पुरतात का, आत रॉकर कुठे टेकतो का, हेही पाहून झालं. नवे रबरी बुश आले. मग एकदा हा नट, एकदा तो, पाव-पाव फिरकं. तात्यांचा हात तिसऱ्या फिरक्याकडे निघाला तेव्हा मिस्त्रीने पाना काढून खिशात ठेवला.

इंजिन धुऊन, वाळवून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली गेली. गळती शोधायची ही जुनी युक्ती; जिथून तेल झिरपेल तिथे पावडर ओली, काळी होते. गाडी मैदानाला चकरा मारून आली. तेलाच्या धुराचा तो करपट वास नव्हता. पावडर पांढरीशुभ्र. लहान बाळाच्या मानेसारखं दिसणारं ते इंजिन तात्यांनी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात निदान चौघांना तरी बोनेट उघडून दाखवलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते पेपरपुढे उकिडवे बसले. एक थेंब होता. पुढे नव्हता, कव्हरखाली नव्हता. मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे.

तात्यांनी रागाने फोन लावला. मिस्त्री शांत होता. या तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील मुळात नसतंच. दांड्यावर उलटे आटे कोरलेले असतात; इंजिन फिरताना ते तेल आत ढकलतात, आणि इंजिन थांबलं की ढकलणारं कुणी उरत नाही. म्हणून या घराण्याच्या गाड्यांत बेलहाऊसिंगच्या, म्हणजे त्याच जोडावरच्या आवरणाच्या, तळाला विलायतेच्या कारखान्यातच एक भोक पाडलेलं असतं, आणि तेल-धूळ बसून ते बुजू नये म्हणून त्यात एक सैल, हलती कॉटर पिन लोंबत ठेवलेली असते.