ओन्ली अ‍ॅडमिन

मला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. शाल झाली, श्रीफळ झालं, 'सर हे नुसते शिक्षक नव्हते' अशी सुरू होणारी चार भाषणं झाली. मस्टरवरून नाव गेलं, वेळापत्रकावरून गेलं, स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात आता बॅडमिंटनच्या रॅकेटी असतात. एकाच ठिकाणाहून मला काढायचं सगळे विसरले. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून.

त्यामुळे मागच्या आठवड्यापर्यंत रोज सकाळी फोन वाजायचा. 'सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की...' मी चहा पीत पीत सूचित व्हायचो.

ग्रुपचं नाव 'अर्थशास्त्र विभाग ऑफिशिअल'. सभासद १८७. ज्या ग्रुपच्या नावात 'ऑफिशिअल' असतं त्याच्या शेजारी दुसरा एक ग्रुप असतोच, हे ज्याने कधी वर्गावर तास घेतलाय त्याला सांगावं लागत नाही. त्या दुसऱ्या ग्रुपात सर नसतात. आमच्याकडे तर त्याचं नावच 'इको विदाउट सर' आहे. मुलं अशा बाबतीत फार प्रामाणिक.

निवृत्तीच्या आधी तिथला एक व्हॉइस मेसेज एकाने चुकून माझ्याकडे पाठवला. तो मागे घेईपर्यंत मी दोनदा ऐकला होता. एक मुलगी बाकीच्यांना गुणक समजावत होती. जत्रेवरून. पाळणेवाल्याला शंभर मिळाले, त्यातले ऐंशी त्याने भेळवाल्याकडे घालवले, भेळवाल्याने त्यातले चौसष्ट बायकोच्या बांगड्यांवर घालवले, आणि 'ज्यानं पैसं खिशात दाबलं तिथं जत्रा उठली'. एक मिनिट चाळीस सेकंद. हाच गुणक मी एकतीस वर्षं केन्सचं नाव घेऊन, फळ्यावर दोन समीकरणं मांडून, दोन तासांत शिकवत आलो. दुसऱ्या तासाला मागचे दोन बाक रिकामे असायचे. जत्रा उठायची.

तेव्हा सोशल मीडियावर विद्यापीठीय शिकणं-शिकवणं होतं का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणतो, शिकणं जोरात चाललंय. फक्त आम्हाला आमंत्रण नाही.

आम्ही आमच्या ग्रुपवर काय करतो? दवंडी पिटतो. फॉर्म भरायची शेवटची तारीख. ती वाढवल्याची सूचना. वाढवलेली पुन्हा वाढवल्याची सूचना. परिपत्रकाचा तिरका फोटो, त्यात बोटाची सावली नेमकी तारखेवर. आणि नोट्सची पीडीएफ. नोट्सचं वय ओळखायची एक खूण सांगून ठेवतो. पानाच्या खालच्या कोपऱ्यात 'कॅमस्कॅनर' असा शिक्का आहे का बघा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने जी ५९ अ‍ॅप बंद केली त्यात टिकटॉकबरोबर हेही होतं. टिकटॉकवर नाचणारी मुलं दुसरीकडे जाऊन नाचू लागली. नोट्स आहेत तिथेच आहेत.

त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत, हेही सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा दुसऱ्यांना हाणतोय.

माझा मोठा गुन्हा वेगळाच. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा हा ग्रुप निघाला आणि मी त्याचा एक अ‍ॅडमिन झालो. पहिले तीन दिवस तो सगळ्यांना मोकळा होता. तीन दिवसांत काय काय आलं विचारू नका. 'येस सर' एकशे चाळीस वेळा. 'सर आवाज येत नाही.' 'सर रेंज नाही, झाडावर बसलोय.' 'सर हजेरी लागली का?' सूर्योदय, गुलाब, स्वामी समर्थ. एकाने तर म्हशीचा व्यवहारच टाकला, 'पंचाऐंशीला बसतंय का बघ'. त्याच गर्दीत एक प्रश्नही होता: 'सर, सगळंच बंद आहे तर मागणी कमी झाली म्हणायची की पुरवठा?' त्या आठवड्यात जगातले मोठमोठे अर्थतज्ज्ञ नेमक्या याच प्रश्नावर लिहीत होते. मी तो वाचला, म्हशीच्या खाली होता, आणि चौथ्या दिवशी सकाळी सेटिंगमध्ये जाऊन 'ओन्ली अ‍ॅडमिन' केलं.

काय शांतता लाभली म्हणून सांगू! त्या शांततेलाच मी पुढची चार वर्षं 'ऑनलाइन अध्यापन' म्हणत आलो.

पोरांच्या हाती उरला तो फक्त अंगठा. सूचनेखाली तेवढा उमटवता येतो. ज्या बापांनी अंगठा सुटावा म्हणून पोरांना कॉलेजात घातलं, त्यांची पोरं तिसऱ्या वर्षाला येऊन पुन्हा अंगठेबहाद्दर झाली. द्रोणाचार्यांनी निदान एकाच शिष्याचा मागितला होता.

आमच्या वेळीही असलं एक यंत्र आलं होतं. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला. कॉलेजात टीव्ही होता. लाकडी पेटीत. पेटीला शटर, शटरला कुलूप, किल्ली ग्रंथपालांकडे, कार्यक्रम दुपारी आणि ग्रंथपाल दुपारी जेवायला. एकदा किल्ली मिळाली तेव्हा पडद्यावरचे गृहस्थ अस्खलित इंग्रजीत प्रवाळाबद्दल सांगत होते. आम्ही पंधरा-वीस जण दुष्काळी तालुक्यातले, समुद्र पाहिलेला त्यात एक. शंका बऱ्याच होत्या, पण टीव्हीला शंका विचारता येत नाही. त्यात त्या बिचाऱ्या टीव्हीचा दोष नव्हता, ते यंत्रच एकतर्फी. व्हॉट्सअ‍ॅप तसं नव्हतं. ते दुतर्फी होतं, २०१८ साली कंपनीने त्याला एकतर्फी करायचं बटण दिलं, आणि आम्ही ते शोधून काढलं. पस्तीस वर्षांनी पेटीला पुन्हा शटर बसवलं. किल्ली या खेपेला माझ्याकडे.

बरं, वरच्या मंडळींना सोशल मीडियाचं वावडं आहे असंही नाही. जुलै २०१९ मध्ये तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं उच्च शिक्षण संस्थांना पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्रामवर खाती उघडा. एक 'सोशल मीडिया चॅम्पियन' नेमा. सगळ्या विद्यार्थ्यांची खाती संस्थेच्या आणि मंत्रालयाच्या खात्याला जोडा. आणि आठवड्याला निदान एक चांगली बातमी द्या. पोरांच्या खात्यात डोकवायचा बेत दिसतो म्हणून ओरड झाली, तेव्हा सक्ती नाही असा खुलासा आला. पण चॅम्पियन काही मागे घेतले नाहीत. आमच्याकडे ही गदा तासिका तत्त्वावरच्या सर्वांत तरुण सरांच्या खांद्यावर आली. त्यांना तासाचे पैसे मिळायचे, ट्विटचे नाही. तासाचेही मार्चनंतर मिळायचे. ही बातमी चांगल्यात बसत नसल्याने त्यांनी ती कधी दिली नाही.

त्या पत्रात शिकवण्याबद्दल काय होतं? सांगितलं तेवढंच.

तेव्हापासून कॉलेजचं पान वृक्षारोपणाने हिरवंगार आहे. प्रत्येक फोटोच्या पोटात नकाशा, अक्षांश, रेखांश, वार, वेळ. नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलीला जिओटॅगवाला फोटो लागतो ना! व्याख्यान झालं की नाही याला महत्त्व नाही, ते कोणत्या रेखांशावर झालं याला आहे. एका अतिथी व्याख्यानाला फोटो काढेपर्यंत सभागृह भरलेलं होतं. फोटो निघाला, पोरं निघाली. वक्ते मात्र राहिले, कारण त्यांचं मानधन शेवटी होतं.

आणि तरी ही माध्यमं शिकवायला निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. फेसबुक २००४ मध्ये जन्माला आलं तेच मुळी हार्वर्डच्या वसतिगृहात, आणि सुरुवातीला कॉलेजच्या ई-मेलशिवाय तिथे प्रवेशच नव्हता. म्हणजे हा कट्टा आमच्याच अंगणातला. २०१० मध्ये एक अभ्यास आला, फेसबुक वापरणाऱ्यांचे गुण कमी. लगेच २०११ मध्ये दुसरा आला: अमेरिकेत १२५ विद्यार्थी घेतले, त्यातल्या काहींच्या अभ्यासक्रमात ट्विटर घातलं, त्यांचे गुण वाढले. दोन्ही निबंध आमच्या एका चर्चासत्रात एकाच दुपारी वाचले गेले आणि दोन्हींना टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी कोणी विचारलं नाही ते मी विचारतो. दुसऱ्या प्रयोगात ट्विटरवर नुसती मुलं नव्हती. शिक्षकही होते आणि ते मुलांशी बोलत होते. प्रश्न आला की उत्तर जात होतं. गुण ट्विटरने वाढवले की त्या उत्तरांनी?

आमच्या मुलांनी त्याचा निकाल कधीच लावून ठेवलाय. परीक्षेच्या आदल्या रात्री ती यूट्यूबवर जातात. दीडपट वेगाने. माझ्या तासाला ती सोय नव्हती, असती तर निम्म्यांनी दुप्पट वेग लावला असता. तिथे व्हिडिओखाली हजारो अनोळखी पोरं 'उद्या पेपर आहे, कोण कोण जागं आहे' विचारत असतात, आणि पहाटे तीनला कोणीतरी कोणाला तरी प्रमाणित विचलन समजावत असतं. फुकट, जिओटॅगशिवाय. आयआयटीच्या मंडळींची एनपीटीईएलची व्याख्यानंही तिथेच आहेत. मी स्वतः निवृत्तीनंतर त्यातली पाहतो. समजतात. थोडा उशीर झाला एवढंच.

आता मागच्या आठवड्याची गोष्ट. रात्री झोप येईना म्हणून फोन चाळत होतो. ग्रुपवर माझ्याच जुन्या नोट्सची पीडीएफ पुन्हा आलेली. खाली चाळीस अंगठे. सहज ग्रुपच्या माहितीत गेलो, आणि तिथे माझ्या नावापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: 'अ‍ॅडमिन'. मस्टरवर नाही, वेळापत्रकात नाही, पण इथली किल्ली दीड वर्ष माझ्याच खिशात! मी शटर वर केलं.

दहा मिनिटं काही नाही. मग एकाचं 'येस सर'. मग कोणीतरी विचारलं, 'ग्रुप चुकून उघडा राहिलाय का?' मी लिहिलं, 'चुकून नाही. विचारा.' पुन्हा शांतता. ११ वाजून ४० मिनिटांनी एक प्रश्न आला:

'सर, नोट्समध्ये ज्वारी-बाजरी हलक्या प्रतीची वस्तू असं दिलंय. पण आमच्याकडं ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय. मग हलकी कशी?'

मी उठून बसलो. ते उदाहरण मी १९९४ साली एका पुस्तकातून उतरवून घेतलं होतं आणि तीस वर्षं पुढच्यांना उतरवून दिलं होतं. उत्तर नीट द्यायला हवं होतं. बायकोला उठवून ज्वारीचा भाव विचारला, त्यावर तिने जे सांगितलं त्यात भाव नव्हता. दीड वाजेपर्यंत लिहीत बसलो, म्हटलं सकाळी डोळ्यांवर चष्मा चढवून एकदा तपासून टाकू.

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी टाकायला गेलो तर खाली लिहायची जागाच नाही. मी आता या ग्रुपचा सदस्य नव्हतो. दीड वर्षात जे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ते एका रात्रीत आलं. आमची यंत्रणा संथ आहे असं यापुढे मी कोणाला म्हणू देणार नाही.

विचारणाऱ्याचा नंबर फोनमध्ये आहे. खासगीत उत्तर पाठवता आलं असतं. पण प्रश्न १८७ जणांसमोर विचारला गेला होता, उत्तरही चारचौघांत द्यायला हवं. म्हणून इथे देतो.

बाळ, तुझी शंका रास्त आहे. फक्त वस्तू हलक्या प्रतीची आहे की नाही हे भावावरून ठरत नाही. हातात पैसा वाढला की माणूस ती जास्त घेतो की कमी, यावरून ठरतं. एके काळी पैसा आला की घरात भाकरी जाऊन चपाती येत होती, तेव्हा पुस्तकवाल्याचं बरोबर होतं. आता रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि साखर वाढलेला बंगलेवाला ज्वारी शोधत फिरतो. तुझ्या गावातली दहा घरं घे, कमाई विचार, भाकरी विचार, आणि काय दिसतं ते लिही. तो प्रकल्प माझ्या नोट्सपेक्षा चांगला होईल. प्रकरण तीन, पान चौदा, खालून दुसरी ओळ. खोडून टाक. अक्षर माझंच आहे.