आमच्या घरची चराईबंदी

आमच्या नगर जिल्ह्यात आदर्श गावं दोन, हिवरे बाजार आणि राळेगण. इथं राहणाऱ्या साध्यासुध्या माणसावर हा अन्याय आहे. बाकीच्या जिल्ह्यांत माणसाला निवांत बिघडता येतं. आमच्याकडे भांडी घासताना नळ जरा मोठा सोडला, की कुणीतरी म्हणतं, "हिवरे बाजारला जाऊन बघा एकदा." तंबाखूची पुडी काढली, की "राळेगणला असतात तर कळलं असतं." जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, टोमणे तेच राहिले. त्यातून हिवरे बाजार शहरापासून जेमतेम सतरा किलोमीटर. लांब पडतं, अशी सबब सांगायचीही सोय नाही.

मुलांच्या मोबाईलवरून घरात रोज संध्याकाळी जे रणकंदन होतं, त्यावर उतारा म्हणून आमच्या यांनी एका रविवारी सगळ्यांना हिवरे बाजार दाखवून आणायचं काढलं. मोबाईलचा आणि पाणलोटाचा काय संबंध, असं मी विचारलं. "शिस्त," असं एका शब्दात उत्तर आलं. एका शब्दातली उत्तरं हे फक्त स्वतःला खात्री नसली की देतात.

गाव पाहण्यासारखं आहे, यात वाद नाही. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. एके काळी सरकारी नोकराची इथं बदली व्हायची ती शिक्षा म्हणून. गावात दारूच्या भट्ट्या, डोंगर बोडके, माणसं मुंबई-पुण्याला. १९८९-९० मध्ये गावानं एम. कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या एका तरुणाला सरपंच केलं. ते पोपटराव पवार. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावानं स्वतःला पाच नियम घालून घेतले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. नंतर त्यात लोटाबंदी आणि बोअरबंदीची भर पडली. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मग कुणी काय पेरायचं ते ठरवायचं. आधी माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग शेती. ऊस, केळी असली पाणीपिती पिकं नकोत.

हे सगळं ऐकताना यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडत गेला, त्यानंच मी धास्तावले. परतीच्या वाटेवर गाडीतच घोषणा झाली: आपल्या घरात ग्रामसभा भरणार.

आता माणसानं एखादं काम करायचं तर रीतसर करावं, म्हणून मी नियम पाहिले. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती मी स्वयंपाकघरात, शेंगा सोलता सोलता घेतली. हजर: सासूबाई, मी आणि चौथीतली धाकटी. एकमतानं ठराव झाला की संध्याकाळची मालिका स्क्रीन टाइममध्ये मोडत नाही. तो वृद्धापकाळातला विरंगुळा आहे. धाकटीनं हात वर केला, कारण आजीच्या मांडीवर बसून तीही तोच विरंगुळा करत असते.

मुख्य सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. सातवीतला थोरला क्लासला, आणि हे ऑफिसच्या कॉलवर. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, ही कायद्यातली सोय आमच्यासारखी कुटुंबं डोळ्यांपुढे ठेवूनच केली असावी. पुढच्या खेपेला सासूबाई अध्यक्षस्थानी बसल्या आणि कामकाज सुरू झालं.

पंचसूत्री घराला लागू करायला फार डोकं चालवावं लागलं नाही. कुऱ्हाडबंदी यांच्यासाठी: "एक दिवस तो मोबाईल आपटून फोडणार आहे मी" ही रोजची धमकी यापुढे चालणार नाही. नसबंदीचं कलम उपकरणांना लावलं. माणसं पाच आणि पडदे सात अशी घराची लोकसंख्या झालेली; आता नवा जन्म नको, मग दिवाळीचा सेल का असेना. नशाबंदीचं कलम वाचल्यावर कुणीच काही बोललं नाही, सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले. लोटाबंदीला मात्र या घरात नवा अर्थ लाभला. पूर्वी माणूस लोटा घेऊन जायचा आणि पाच मिनिटांत परत यायचा; आता मोबाईल घेऊन जातो आणि बाहेर रांग लागते. मोबाईल बाहेर ठेवूनच आत जायचं, हा ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर झाला. विरोधी मत कुणाचं ते इतिवृत्तात नोंदवलेलं नाही, पण आधीच्या कलमाचा सूचक आणि या कलमाचा विरोधक एकच होता.

राहिली चराईबंदी. हाच खरा मुद्दा. आमच्या घरातली चराई अंगठ्यानं चालते. खालून वर, खालून वर. रील संपतं, पुढचं येतं, आणि तासाभरानं विचारलं की काय पाहिलंस, तर चरणाऱ्याला काही म्हणता काही आठवत नाही. यांनी तयारी करून आणली होती. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचना त्यांनी वाचून दाखवल्या: दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांच्यांना तासाभराहून जास्त नको, आणि पाच ते दहा वर्षांच्यांना दिवसाला दोन तासांच्या आत. हीच मर्यादा यांनी थोरल्यालाही लावली.

"टी-ट्वेंटी मॅच साडेतीन तासांची असते," थोरला म्हणाला. "मग पहिली बॅटिंग बघायची आणि कोण जिंकलं ते सकाळी पेपरात वाचायचं का?"

"मॅच बघायलाच हवी असं आहे का?"

"सरपंच स्वतः क्रिकेट खेळायचे, बाबा. तुम्हीच सांगितलं."

मॅचचा विषय उपसमितीकडे गेला. सरकारी पद्धतीची एवढी एक गोष्ट आमच्या घराला पहिल्याच झटक्यात जमली.

मग ताळेबंद. फोनमध्येच कुणी किती वेळ काय पाहिलं याचा हिशेब असतो, म्हणजे मीटर बसवायचाही खर्च नाही. हिवरे बाजारप्रमाणे आम्हीही क्रम लावला: आधी पिण्याचं पाणी, म्हणजे शाळेचं काम, मग बाकीची पिकं. रात्रभर चालणाऱ्या वेब सिरीजला उसाचा दर्जा देऊन ती बंद केली. पण पहिल्याच आठवड्यात ताळेबंद फसला, कारण दोन्ही मुलांच्या पिण्याच्या पाण्याची गरज अचानक चौपट झाली. कधीही खोलीत डोकावावं, तर उत्तर तयार: "ग्रुपवर होमवर्क आलाय." आणि तो खरंच आलेला असतो. शाळा गृहपाठ पाठवते व्हॉट्सअ‍ॅपवर, चित्र दाखवते यूट्यूबवर, सूचना देते पीडीएफमध्ये, आणि पालकसभेत सांगते की मुलांना मोबाईलपासून दूर ठेवा. धाकटी गृहपाठ उघडते, त्याच्या शेजारी मांजराचं पिल्लू दिसतं, आणि पुढचा पाऊण तास परिसर अभ्यासात जातो.

मुळात हे यंत्र मुलांच्या हातात आलं तेच शाळेचं बोट धरून. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हीच हौसेनं मुलांपुढे फोन उभे करून दिले. हिवरे बाजारनं आपलं गाव कोरोनामुक्त केलं आणि जून २०२१ मध्ये शाळा उघडूनही टाकली. शहरातल्या लहान वर्गांना त्यानंतरही कित्येक महिने घरी बसावं लागलं. त्या महिन्यांत मुलांच्या अंगठ्यांना जे वळण लागलं, ते पुढे शाळेच्या फळ्यानं काही सुटलं नाही.

दुसरी पंचाईत बोअरची. रोज साडेसातला राउटर बंद करायचा, असं ठरलं. बंद झाला. घरात शांतता पसरली. ही शांतता जरा जास्तच समाधानी आहे, हे माझ्या लक्षात आलं. सासूबाईंच्या फोनला रोज दोन जीबी मिळतं. त्यातलं त्या वापरतात शुभ सकाळच्या फुलांपुरतं आणि एका कीर्तनापुरतं. बाकी सगळा साठा जमिनीखाली तसाच. त्यावर दोन्ही नातवंडांनी हॉटस्पॉटचं बोअर पाडलं होतं. बोअरबंदी हिवरे बाजारला का लागली, ते मला तेव्हा नीट उमगलं: एकानं खोल गेलं की शेजारच्याची विहीर आटते. इथं आजीची आटली. ऐन कीर्तनात बुवा तोंड उघडून थांबले आणि आजचा डेटा संपल्याचा संदेश आला. सासूबाईंनी कस्टमर केअरला फोन लावून त्या बिचाऱ्या मुलीला परमार्थाचं महत्त्व सांगितलं.

यात आमच्याच कारट्यांचं डोकं चाललं असं नाही. चीननं २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळासाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ दिला. एवढं बलाढ्य सरकार, तरी तिकडची मुलं आजी-आजोबांच्या नावानं खेळतात म्हणे. आजी हे जगभर बेकायदा उपशाचं हक्काचं ठिकाण दिसतं.

महाराष्ट्रातल्या गावांनीही हा प्रयोग केलाय, आणि तो आमच्यापेक्षा बरा जमवलाय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास असं ठरलं, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार. तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी आपसांत बोलायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेनं त्याच वर्षी आणखी कडक ठराव केला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलच नाही.

ही दोन्ही उदाहरणं यांनी मोठ्या अभिमानानं सभेपुढे ठेवली. थोरल्यानं हात वर केला.

"ग्रामसभेत मत कुणाला असतं?"

"अठरा पूर्ण झालेल्यांना."

"म्हणजे ज्यांचा मोबाईल गेला त्यांना कुणी विचारलंच नाही."

यांनी पाणी प्यायलं. नागरिकशास्त्र हा वीस मार्कांचा किरकोळ विषय आहे, असं मी आजवर समजत होते. अध्यक्षांनी मुलांना मताधिकार बहाल केला, आणि तो मिळताच थोरल्यानं दुसरा मुद्दा काढला. तो पहिल्यापेक्षा पक्का होता. वडगावात भोंगा वाजला की अख्खं गाव बंद होतं. तिथं आपण एकटेच राहिलो असं कुणाला वाटत नाही. आमच्या कॉलनीत मात्र आमचा टीव्ही बंद होतो तेव्हा समोरच्या खिडकीत सामना चालू असतो, वरच्या मजल्यावर गाण्याची स्पर्धा आणि गच्चीत तीन मुलं एका फोनभोवती. एका गाईला बांधून चराईबंदी होत नसते. हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. पण त्याच्या बोलण्याचा अर्थ तोच होता आणि मला तो पटला. कॉलनीच्या सचिवांकडे मी भोंग्याचा विषय काढून पाहिला. त्यांनी तो ऐकून घेतला, फक्त कानाचा फोन न काढता.

पण हिवरे बाजारची एक गोष्ट मला भोंग्याहून महत्त्वाची वाटते. आम्ही नियमांची यादी उतरवून घेतली आणि ती गोष्ट सोडून आलो होतो. तिथं चराई बंद केली म्हणून जनावरं उपाशी ठेवली नाहीत. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, पण गवत कापून गोठ्यात न्यायला मुभा ठेवली. गवत वाढलं, चारा वाढला, दूध वाढलं. बंदी टिकली ती त्यामुळे. आमच्याकडे साडेसातला दावणीला बांधलेली दोन वासरं फक्त "आता काय करू?" एवढंच हंबरत होती. वाच म्हटलं तर तोंड वाकडं. बोल म्हटलं तर "काय बोलू?" श्रमदानाच्या कलमाखाली ताटं पुसायला लावली, तर एक काचेचा बाऊल कमी झाला.

गवत सासूबाईंनी आणलं. डेटा संपलेला, मालिकेत कुणाच्या तरी लग्नाचा आठवडा चाललेला. कंटाळून त्यांनी ट्रंकेतून पत्त्यांचा जुना जोड काढला आणि मेंढीकोट मांडला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण हे रूप पाहिलं नव्हतं. बाई सर्रास लबाडी करतात. हुकमाचा पत्ता पदराखाली जातो आणि पाहिजे तेव्हाच बाहेर येतो. धाकटीनं तो एकदा पकडला तेव्हा जो गिल्ला झाला, त्यानं वरच्या मजल्यावरचे चौकशीला खाली आले. ते बघायला थांबले आणि मग त्यांचा मुलगा भिडू म्हणून बसला. आता मेंढीकोटाला दोन जोड्या कायमच्या आहेत, आणि समोरच्या खिडकीतली मुलगी "मला कधी घेणार?" म्हणून विचारून गेलीय.

यांना हे तितकंसं रुचलेलं नाही. यांच्या लहानपणी घरात पत्त्यांवर बंदी होती. "पोरं पत्त्यांच्या नादाला लागली तर?" असं हे परवा गंभीरपणे म्हणाले. पुढच्या सभेत या विषयावर चर्चा करू, असं अध्यक्षांनी पत्ते पिसता पिसता सांगितलं.

ताळेबंद आता बराच सुधारलाय. साडेसात ते नऊ राउटर बंद असतो, आजीच्या हॉटस्पॉटला पासवर्ड आहे आणि तो आजीलाही आठवत नाही. उपसमितीनं मॅचचा निकाल अजून दिलेला नाही. एक गळती तेवढी आमच्या हातात नाही: बरोबर सव्वाआठला, हुकूम पडायच्या वेळी, ग्रुपवर टुण् वाजतं आणि उद्याचा गृहपाठ येतो. तेव्हा गुरुजनांना हात जोडून विनंती आहे. गृहपाठ वर्गातच सांगा, मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. अगदीच पाठवायचा असेल, तर संध्याकाळी सातच्या आत पाठवा.