३५ हजार फुटांवरची दशमी

लेकीचं बाळंतपण जर्मनीत. जावयानं वर्षभर साठवलेले विमानाचे पॉइंट आमच्यासाठी खर्ची घातले आणि हैदराबाद-दिल्ली, दिल्ली-फ्रँकफुर्ट अशी दोन्ही तिकिटं बिझनेस क्लासची काढली. माकणीहून लोहारा, लोहाऱ्याहून उमरगा, तिथून हैदराबादचा हमरस्ता. पहाटे निघालो तेव्हा हिच्या पिशवीत दहा दशम्या, शेंगादाण्याची चटणी आणि येसराची पुडी होती. येसराच्या पुडीशेजारी ठेवलेली सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र मी आधीच काढून घेतली. खोबरं आपोआप पेट घेणाऱ्या मालात मोडतं, विमानात चालत नाही.

एका दिवसात दोन विमानं आणि दोन ताटं. एक देशातलं, एक परदेशी वाटेवरचं. दोन्ही पुढच्या, महागड्या खुर्च्यांवरची. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहितोच.

आधी देशातलं. खुर्ची रुंद, टेबलावर पांढरं कापड, चिनी मातीच्या बशा, धातूचे काटे-चमचे. मांडणी पाहून जीव सुखावला. मग झाकण निघालं. नारिंगी रश्शातलं पनीर, काळी डाळ, जिऱ्याचा भात, कडा वाळलेला पराठा आणि गार गुलाबजाम. सगळं एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी. हिनं पराठा दोन बोटांत धरून वाकवला, तो मोडला. ‘‘बिझनेसचं जेवान म्हणलालाव न्हवं तुम्ही?’’ एवढंच म्हणाली आणि भात खाल्ला.

वाढणाऱ्या पोरींना मी शब्दानंही दोष देणार नाही. हैदराबाद ते दिल्ली सव्वादोन तास. चढण्याचा नि उतरण्याचा वेळ वजा केला, तर पट्टा सोडून उभं राहायला त्यांना सव्वा तास मिळतो. तेवढ्यात गरम करायचं, वाढायचं, उचलायचं, चहा द्यायचा, पुन्हा सगळं कुलूपबंद करायचं. विमानात चूल पेटत नाही. जेवण जमिनीवर काही तास आधी शिजतं, झटपट पाच अंशांपर्यंत गार केलं जातं, गाड्यांमधून वर चढतं आणि गरम हवेच्या भट्टीत वीसेक मिनिटं तापतं. त्या कोरड्या हवेत पराठ्याचं काय होणार? वाळणारच. पनीर चिवट होणारच.

म्हणूनच माझा राग जेवणाची यादी लिहिणाऱ्यावर आहे. पराठा भट्टीत वाळतो हे त्याला ठाऊक आहे. तरी तोच पराठा. मुंबईहून उडा, चेन्नईहून उडा, कोलकात्याहून उडा, झाकणाखाली बहुतेक वेळा तेच नारिंगी पनीर. ज्या देशात दर वीस कोसांवर आमटीची चव बदलते, त्या देशाच्या सर्वांत महाग खुर्चीवर एकच भाजी मिळावी, ही गोष्ट मला अपमानाची वाटते. पैशाचं राहू द्या. आपल्या स्वयंपाकघरांचा अपमान.

दिल्लीत विमान बदललं. आता आठ-नऊ तासांचा प्रवास. फरक पहिल्या घासाआधीच कळला, कारण कुणाला घाई नव्हती. आधी पेय विचारलं. देशातल्या उड्डाणात दारू मिळत नाही, इथं द्राक्षाच्या वारुणीची यादीच आली. आम्ही दोघांनी लिंबूपाणी घेतलं. मग छोटी थाळी, मग सूप, मग टोपलीतून गरम पाव, मग मुख्य जेवण, मग चीज, मग फळं. एक बशी रिकामी झाल्यावर दुसरी. जेवायचं कधी, तेही विचारलं. कतारसारख्या कंपन्या तर पुढच्या वर्गात हव्या त्या वेळी जेवण देतात, मध्यरात्री उठून मागितलं तरी.

या महाग जेवणात ऐसपैस काय असेल तर वेळ. तोच देशातल्या उड्डाणात नसतो आणि कितीही चिनी माती मांडली तरी त्याची भरपाई होत नाही. यासाठी मी कुणाला धारेवर धरणार नाही. हैदराबाद-दिल्ली अंतर लांबवता येत नाही.

पण त्या दुसऱ्या विमानातही एक गंमत नसलेली गोष्ट घडली. जावयानं आमच्यासाठी आधीच ‘हिंदू शाकाहारी’ जेवण नोंदवलं होतं. विमान कंपन्यांच्या भाषेत त्याचा चार अक्षरी संकेत आहे, साधारण चोवीस तास आधी कळवावं लागतं. शेजारच्या जर्मन बाईंच्या ताटात त्यांचं बटाट्याचं सॅलड होतं, त्यांच्याकडचा काळा पाव होता. त्यांनी घास घेतला आणि त्या घरी पोचल्यासारख्या दिसल्या. आमच्या ताटावरचं झाकण निघालं. नारिंगी पनीर. हिनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे.

आता जरा जिभेचं. ३५ हजार फुटांवर केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ ठेवलेली असते. ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली, म्हणजे आमच्या एप्रिलच्या दुपारसारखा. नाक कोरडं पडतं आणि नाक गेलं की चव गेली. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं लुफ्तान्सासाठी २०१० मध्ये कमी दाबाच्या नळकांड्यात खऱ्या विमानाचा तुकडा ठेवून माणसांना जेवू घातलं. मिठाची जाणीव वीस ते तीस टक्के घटते आणि साखरेचीही पंधरा-वीस टक्के, असं त्यांना दिसलं. पुढं २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं इंजिनाच्या आवाजाचा अभ्यास केला. त्या घरघरीत गोड फिकं लागतं, पण टोमॅटोसारख्या पदार्थांतली ती भरीव, रश्शाची चव, जिला जपानी लोक उमामी म्हणतात, ती उलट ठसठशीत होते. लुफ्तान्साच्या लोकांना फार आधी प्रश्न पडला होता, की जमिनीवर टोमॅटोचा रस न पिणारी माणसं वर तोच का मागतात. कारण हेच.

म्हणजे वर काय चालणार नाही? सौम्य, साईचं, गोडसर. आणि आपण वर काय पाठवतो? साईतलं पनीर आणि गुलाबजाम.

वर काय चालेल, ते हिनं पिशवीतून काढलं. जेवण उरकून दिवे मंद झाले होते. दशमीचे दोन तुकडे केले, वर चटणी घेतली. मी सांगतो ते जसंच्या तसं खरं आहे: दोन विमानांतल्या दोन ताटांत जी चव लागली नव्हती, ती त्या घासात लागली. लसूण लागला, तिखट लागलं, भाजलेल्या शेंगादाण्याचा खरपूसपणा लागला, मीठ लागलं. दशमी पहाटेची होती आणि मऊ होती.

ती मऊ का होती, हे विमानाच्या स्वयंपाकघरानं आमच्याकडून शिकावं. भाकरीचं पीठ पाण्यात मळतात, ती संध्याकाळपर्यंत कडक होते. दशमीचं पीठ दुधात मळतात, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही तुटत नाही. धपाट्यात ज्वारीबरोबर हरभऱ्याचं पीठ असतं, तेल असतं, म्हणून तो गार खाल्ला तरी घशात अडकत नाही. शेंगादाण्याची चटणी पाण्याशिवाय कुटतात, म्हणून टिकते. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ; उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी तयार. पंढरपूरला, तुळजापूरला चालत जाणाऱ्या माणसांसाठी आमच्या बायकांनी हे शोधलं. आधी शिजवायचं, गार करायचं, बांधायचं, दूरवर खायचं आणि तरी चवीला कमी पडू द्यायचं नाही. विमानाच्या जेवणापुढचा पेच नेमका हाच आहे. त्याचं उत्तर शिदोरी या एका शब्दात आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पडून आहे. ते विचारायला कुणी आलं नाही.

बाकीच्यांनी आपापलं वर नेलंच ना. पहिलं विमानातलं जेवण ऑक्टोबर १९१९ मध्ये लंडन-पॅरिस वाटेवर मिळालं, तीन शिलिंगांचा डबा. आत त्यांचं नेहमीचं सँडविच. आखाती कंपन्या पुढच्या वर्गात कहवा आणि खजूर देतात. जपानच्या कंपनीनं पुढच्या वर्गासाठी विमानातच ताजा भात शिजवण्याची सोय केली, कारण शिळा भात त्यांना मानवत नाही. सिंगापूर एअरलाइन्सनं आपल्या पाककला मंडळात आपल्या संजीव कपूरांना घेतलं आणि त्यांनी आखलेली थाळी दिली. स्कँडिनेव्हियाच्या लोकांची तर कमाल. १९५८ मध्ये अटलांटिकवरच्या स्वस्त वर्गात फक्त सँडविच द्यायचं असा नियम झाला. त्यांनी पावाच्या एका कापावर त्यांच्याकडच्या रीतीनं एवढं काही रचलं, की अमेरिकेच्या पॅन ॲमनं तक्रार केली आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला २० हजार डॉलर दंड झाला. आपल्या घरच्या भाकरीसाठी दंड भरणारी माणसं मला मोठी वाटतात.

आपल्याकडेही हा ध्यास होता. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, त्यात जे. आर. डी. टाटा स्वतः बसले होते. पुढंही ते प्रवासात टिपणं काढायचे आणि चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो अशी तक्रार अधिकाऱ्यांना लेखी करायचे. अध्यक्ष असलेला माणूस चहाच्या रंगावर लिहितो, तिथं ताटाला मान असतो. आज तेच घराणं पुन्हा त्या कंपनीचं मालक आहे, जानेवारी २०२२ पासून. त्यांच्याकडूनच सर्वांत जास्त मागायचं, कारण त्यांना हे जमलेलं आहे.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. भाषणं झाली, ज्वारीचं कौतुक झालं. आणि आमच्या शिवारात? तेरणेच्या काठानं जिथवर नजर जाते तिथवर सोयाबीन. ज्वारी लोक घरापुरती आणि कडब्यापुरती पेरतात, कारण तिला नेणारं गिऱ्हाईक नाही. २०२४ मध्ये आमच्या अवतीभवतीच्या किती गोष्टींना भौगोलिक मानांकन मिळालं बघा: शेजारच्या लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर आणि आमच्या धाराशिवचा कुंथलगिरी खवा. डाळ, चिंच, कोथिंबीर, खवा. अख्खी आमटी आणि वर गोड, सगळं मानांकित, सगळं एका जेवणाचं. मुंबईच्या विमानतळाबाहेर ज्यांची प्रचंड स्वयंपाकघरं चालतात, त्यांच्यापासून हे एका रात्रीच्या ट्रकच्या अंतरावर आहे.

म्हणून मी यादीच देतो. मुंबई, पुणे, नागपूर यांपैकी कुठूनही उडणाऱ्या दोन तासांच्या विमानासाठी, पुढच्या खुर्च्यांकरता. एकच ट्रे चालेल, वेळ नाही हे मान्य. पराठा काढा, धपाटा ठेवा. तो तापवावाही लागत नाही, सव्वा तासातली दहा मिनिटं तिथंच वाचतील. पनीर काढा, बोरसुरीच्या डाळीची आंबट-तिखट आमटी ठेवा. पातळ पदार्थ भट्टीत वाळत नाही. मांसाहारींना उस्मानाबादी शेळीचं काळ्या मसाल्यातलं मटण द्या. ते तसंही मंद आचेवर तासन् तास शिजतं आणि दुसऱ्यांदा तापवलं की जास्त मुरतं, कोंबडीच्या पांढऱ्या तुकड्यासारखं चोथा होत नाही. बाजूला चटणी आणि दही. गुलाबजामऐवजी कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा, तो गारच खायचा असतो. परदेशी वाटेवर वेळ आहे, तिथं येसराची आमटी सुपाच्या वाटीत आधी द्या. उकळतं पाणी विमानात असतंच.

चिनी मातीच्या बशा राहू द्यात. कापडही राहू दे. आमच्या धपाट्याला ते शोभतं.

त्या रात्री उरलेल्या दशमीचा कागद हिनं घडी करून ठेवला, तेवढ्यात एक हवाई सेविका पाणी घेऊन आली आणि थबकली. वास ओळखीचा वाटतो म्हणाली, हिंदीत. हिनं न विचारता अर्धी दशमी, चटणीची चिमूट तिच्या हातावर ठेवली. ती पडद्याआड गेली. पाचेक मिनिटांनी परत आली, वाकून हिच्या कानाशी म्हणाली, ‘‘आंटी, और है क्या? पीछे दो लोग और माँग रहे हैं.’’

चार उरल्या होत्या. हिनं लेकीसाठी दोन ठेवल्या आणि दोन दिल्या.